तिसरा खडक

अंदमानच्या तीन दिवसांच्या सहलीचा बेत मी लॅपटॉपवर आखत होते. तिथल्या एका छोट्या बेटाचं नाव वाचून त्याचा नकाशा उघडायच्या आतच, शेजारी बसलेल्या बाबांचं बोट टेबलावर सांडलेल्या चहातून फिरू लागलं.

"इथे किनारा आत वळतो. मग टोक. पुढे तीन खडक, शेवटचा अगदी बारका."

मी उपग्रहाचं चित्र मोठं केलं. टोक, तीन खडक, शेवटचा बारकाच! मी चहाच्या रेघेकडे बघतच राहिले. हुबेहूब तोच किनारा.

"बाबा, तुम्ही कधी गेला होतात?"

"छे! नोकरीत चौतीस वर्षं हवाई फोटोंवरून नकाशे काढले. हे बेट अकरा वेळा."

मी स्नॉर्कलिंगचा दिवस काढून टाकला. "सांगा, आधी कुठे जायचं?"

बाबांनी चहातल्या शेवटच्या ठिपक्यावर बोट टेकवलं. "त्या बारक्या खडकाला हात लावायचाय. साहेब म्हणायचे, शाईचा डाग आहे, खोडा. मी खोडला नाही."