छताकडे बघत

आईने एकदा 'हो' म्हणायचा अवकाश, लेकीच्या पदरात घबाड पडणार होतं. कलासंग्रहालय तिचा व्हिडिओ कायमचा ठेवून घेणार, आणि त्या जोरावर या परक्या देशात राहायचा परवाना वाढणार. आई 'नाही' म्हणाली, तर दोन्हीवर पाणी. आईला बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. लेकीने सिनेमा काढलाय आणि आपल्याला विमानाने बोलावलंय, एवढ्यावरच ती खूश होती.

संग्रहालयाच्या बाईंनी मात्र निक्षून सांगितलं होतं: ज्यांचा आवाज आहे त्यांना आधी ऐकवा, त्यांचा होकार घ्या, मगच दार उघडू. लेक ते आज-उद्यावर ढकलत आली होती. होकार मागायचा, तर आधी चोरी कबूल करणं आलं. शेवटी उद्घाटनाच्या दुपारी तिने आईबाबांना त्या अंधाऱ्या खोलीत नेलं.

खोलीत खुर्च्या नव्हत्या. जमिनीवर गाद्या होत्या आणि चित्र वर छतावर उमटणार होतं.

"झोपून बघायचा सिनेमा?" बाबा म्हणाले. "हे बरंय. नाहीतरी थिएटरात मी झोपतोच."

"आडवी होईन गं मी, पण मग उठवणार कोण?" आई गुडघे सांभाळत टेकली.

छतावर दुसरंच छत उजळलं. मधोमध पंखा, कोपऱ्यात ओल.

"अगंबाई, हा तर आपल्या स्वयंपाकघरातला पंखा! आणि पात्यांवर केवढी ती जळमटं! आधी बोलली असतीस तर पुसून नसता घेतला?"

मग तिचाच आवाज आला, भांड्यांच्या खडखडाटातून. थोरल्या जाऊबाईंच्या चिकटपणाबद्दल दोन खमंग वाक्यं. जरा थांबून: "पोरगी मजेत असल्याचं सोंग करते हो. गालफडं बघितलीत तिची?"



भिंतीला टेकलेली लेक म्हणाली, "आई, आपलं व्हिडिओ कॉलवरचं बोलणं झालं की तू फोन टेबलावर उताणा ठेवायचीस. बंद करायला विसरायचीस. मी तुला कधी सांगितलं नाही. ऐकत बसायचे, आणि... रेकॉर्ड करत गेले. वर्षानुवर्षं."

वर पंखा फिरत राहिला.

"विसरायचे?" आई पडल्यापडल्या म्हणाली. "गॅस मी कधी विसरले नाही, कडी कधी विसरले नाही, आणि फोन बरा विसरेन! तुझी जेवायची वेळ असायची ती. एकटी बसलीस की अर्ध्या ताटावरून उठतेस, लहानपणापासूनची खोड. आजूबाजूला माणसांचा आवाज असला की गुमान जेवतेस. म्हणून ठेवायचे चालू."

"म्हणजे मला सगळं ऐकू येतंय, हे तुला..."

"ठाऊक होतं की. तोंडावर सांगितलं असतं तर भांडली असतीस."

इतक्यात संग्रहालयाच्या बाई दारातून डोकावल्या. भाषेचं अक्षर कळत नव्हतं त्यांना. नुसत्याच भुवया उंचावून उभ्या राहिल्या.

"काय म्हणतायत त्या?"

"हे लोकांना दाखवलं तर चालेल का, विचारतायत."

"दाखव की. फक्त जाऊबाईंचं तेवढं काप."

"इथे कुणाला कळतंय, आई!"

"इथल्यांचं कोण बोलतंय? तुझी काकू मोबाइलवर सगळं हुडकून काढते."

लेकीने बाईंकडे बघून मान हलवली आणि हसत हसत आईशेजारी गादीवर अंग टाकलं. किती दिवसांत तिने असा पुरता श्वास सोडला नव्हता.

म्हटलं तर सौदा फायद्याचाच झाला. लेकीला देश मिळाला, बाईंना कलाकृती, आणि आईला लेकीचे कान टोचायची सोय तर कधीपासूनच मिळालेली. एवढ्या सगळ्याची कुणाला काही किंमत मोजावी लागलीच नाही, असं म्हणावं, तोच छतावरच्या चित्रातून आईचा आवाज आला, चांगला चढा:

"महिना भरायच्या आत घरातलं नेट संपतंच कसं हो? बघा, अजून बघा मॅच!"

बाबांनी मान वळवून शेजारी बघितलं. आईने पंख्यावरची नजर काढली नाही.

"अगं," बाबा म्हणाले, "मॅच बघायची सोडली होती मी त्यापायी."