सात नंबरचं झुडूप

"हे पान माथ्यावरचं नाही," सर म्हणाले. "खालच्या खळग्यातलं आहे. तुझ्या बाबांनी चढायचा कंटाळा केला, दुसरं काय!"

तिनं पान उलटं करून पुन्हा जाडी मोजली. आकडा तोच आला. प्रयोगशाळेत तिला सगळे 'काटा' म्हणत, कारण तिच्या मोजणीत केसाचाही फरक पडत नसे. बाबांना जाऊन वीस दिवस झाले होते आणि हा काटा जागचा हलला नव्हता. ती रडली नव्हती. भाजीत मीठ आहे की नाही हे जेवताना कळत नव्हतं, एवढंच.

सरांच्या बोलण्यात तथ्य होतं. तो अख्खा डोंगर चुनखडीचा, चाळणीसारखा भोकाभोकांचा. पाऊस पडतो आणि दगडातून पार खाली निघून जातो. वरची झुडपं मग काटकसरीला लागतात, पान लहान, जाड आणि चिवट करून टाकतात. तेच झुडूप तळाच्या खळग्यात, ओल्या मातीत वाढलं तर पान रुंद आणि पातळ होतं. माथ्यावरच्या वीस झुडपांना नंबराच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. रोज वर जाऊन उन्हाच्या नि वाऱ्याच्या नोंदी करायच्या आणि महिन्यातून एकदा प्रत्येक झुडपाची पानं पाकिटात भरून आणायची, हे बाबांचं काम. एकोणीस पाकिटं शहाण्यासारखी वागत होती. सात नंबरच्या पाकिटातली पानं मात्र वर्षभर रुंद होत चालली होती.

"एक पाकीट खोटं निघालं की बाकीच्यांचा काय भरवसा?" सर म्हणाले. "त्यांच्या दोन्ही वर्षांच्या नोंदी रद्द करू. उद्या तुझी सही दे." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "वय झालं होतं गं त्यांचं. मी बाहेर कुठं बोलणार नाही."

"बरं," ती म्हणाली.

आपल्या बापाला कुणी लबाड म्हटलं तर संताप यायला हवा, हे तिला कळत होतं. पण आत काहीच होत नव्हतं. फक्त स्वतः मोजल्याशिवाय कशावर सही करायची तिला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोजपट्टी आणि जाडीमापक घेऊन डोंगराकडे निघाली.

निघताना हातानं आपोआप पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. दीड वर्ष ती रोज हेच करत आली होती. बाबांच्या किडनीनं कुरकुर सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध राहिलं तरी चालेल, पाणी राहता कामा नये. बाबांना पाण्याचा भारी कंटाळा.

"पाणी प्यालं की चढताना पोटात डचमळतं गं."

"कारणं नकोत. दोन्ही रिकाम्या दिसल्या पाहिजेत."

संध्याकाळी ती दोन्ही बाटल्या मोरीत उलट्या धरायची. थेंब पडत नसे. बाबा दारात उभे राहून म्हणत, "झाली का झडती, फौजदारबाई?" एकदा तेवढी एक बाटली बिनटोपणाची आली. हिरवं टोपण होतं. त्यावरून तिनं त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं होतं.

पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पीत होते ना?"

"दोन बाटल्या. रोज," तिनं छातीठोक सांगितलं. "मी स्वतः बघायचे."

डॉक्टरांनी हातातला कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागद पाहिला.

माथ्यावर पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. एक नंबरचं झुडूप गुडघ्याएवढं, पानं नखाएवढी. दोन, तीन, चार, सगळी तशीच खुरटी. सहा नंबर ओलांडून ती वळली आणि थबकली. सात नंबरचं झुडूप कमरेला लागत होतं. आजारी घरात एकच पोर गुटगुटीत असावं, तसं. पानं तळहाताएवढी, मऊ. कडा मात्र नुकत्याच वाळायला लागल्या होत्या.

तिनं पान तोडलं आणि मोजलं. पाकिटातल्या पानाचाच आकडा. तिनं आणखी चार पानं मोजली. पाकीट खोटं नव्हतं. बाबा रोज वर येत होते. वीस दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं, आणि ते सांगायला तिनं लगेच सरांना फोन लावला. ते फोन उचलेपर्यंत टेकावं म्हणून ती शेजारच्या सपाट दगडावर बसली. बसून बसून गुळगुळीत झालेला दगड होता. तिथून हात सहज झुडपाच्या बुंध्याशी पोचत होता. बुंध्याभोवती शेवाळाचं कडं होतं, वाळून काळं पडलेलं. त्याच्या कडेला फटीत काहीतरी हिरवं अडकलं होतं. तिनं ते नखानं उकरून काढलं.

टोपण होतं.

"बोल," सर फोनवर म्हणाले.

"सर, पानं इथलीच आहेत. बाबांनी काही खोटं केलं नाही." हे शेवटचं वाक्य आपण पूर्ण कसं केलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"अगं, मग एकाच झुडपाची पानं अशी कशी?"

"त्याला पाणी मिळत होतं."

"त्या खडकावर? कुणाचं पाणी?"

तिनं टोपण मुठीत घट्ट धरलं.

"बाबांचं," ती म्हणाली. "दोन बाटल्या. रोज."