वाचकांस उत्तरे

"भरतकामाचे, फॅशनचे, सगळे अंक तुझ्या संग्रहासाठी ने, पोरी. हा एक राहू दे, आईचा आहे," म्हणत म्हाताऱ्या मिस टॅटर्सल चहा करायला आत गेल्या.

१८६८चा तो अंक मी पिशवीत सरकवला आणि चहा न घेताच निघाले.

लीड्सला घरी येऊन 'वाचकांस उत्तरे' हे पान उघडलं. तेव्हाची मासिकं बायकांचे प्रश्न छापत नसत, नुसती उत्तरं छापत. मिस टॅटर्सलनी मला अंक उचलताना पाहिलं असेल का, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

"लीड्सच्या भगिनीस : होय, पाहिले. आपण अंक परत ठेवाल या आशेने त्या आतच थांबून राहिल्या."

उद्या सकाळीच नेऊन देते, मी ठरवलं. मग खालची ओळ दिसली.

"त्याच भगिनीस : येऊ नये. दार उघडावयास आता कोणी नाही."