तुळशीरामचा गृहप्रवेश

"हल्लीच्या इमारती सगळ्या एकसारख्या का दिसतात, सर?"

संचितानं मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून मधल्या स्टुलावर ठेवला होता. एका मासिकासाठी ती आर्किटेक्टांच्या मुलाखती घेत होती. उदयनं तिला मुर्धा गावातल्या या नव्या सात मजली इमारतीत बोलावलं होतं. इमारतीचा आराखडा त्यानंच काढलेला, आणि आज जुन्या घरवाल्यांना चाव्या द्यायच्या असल्यानं त्याला तसंही यायचंच होतं. दोघं लॉबीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"कारण आम्ही इमारत काढतच नाही," उदय म्हणाला. "आधी किती बांधता येईल ते ठरतं. मग दुकानं, मग पार्किंग. उरेल त्यात आम्ही माणसं बसवतो."

"मग आर्किटेक्टचं काम काय?"

"सही."

तो हसला. संचिता हसली नाही. आधीच्या आर्किटेक्टांनीही तिला जवळजवळ हेच सांगितलं होतं, आणि तेही असेच हसले होते.

"इथं एक तरी गोष्ट मनासारखी झाली असेल ना?"

उदयनं डोळे चोळले. "खिडक्या. ज्यांची इथं घरं होती, त्यांचे फ्लॅट मी खाडीच्या बाजूला घ्यायला लावले. बिल्डरला ती बाजू विकायची होती. खूप भांडलो."

तेवढ्यात गेटातून ॲम्ब्युलन्स आत आली. उदय उठून उभा राहिला. तुळशीरामला आणलं होतं. याच जागेवर त्याचं घर होतं. घर पाडल्यावर भाड्याच्या खोलीत असतानाच त्याच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तो अंथरुणाला खिळून होता, वाचाही गेली होती. मुलगा ईश्वर आणि ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन आले. मागून त्याची बायको गोदूबाई, हातात नारळ आणि समई.

लिफ्टचं दार उघडलं. स्ट्रेचर आत सरकवलं. तुळशीरामचे पाय आतल्या आरशाला टेकले, तरी डोकं बाहेरच राहिलं. तिरकं करून पाहिलं. मग डोक्याकडून आत घालून पाहिलं. दार पुन्हा पुन्हा येऊन स्ट्रेचरच्या दांड्याला आपटत होतं आणि मागे जात होतं.

"नहीं जाएगा," ड्रायव्हर म्हणाला. "अंकल को बिठाना पड़ेगा."

ईश्वरनं उदयकडे पाहिलं. उदयनं आपली खुर्ची उचलून आणली.

तुळशीरामला खुर्चीत बसवलं आणि छातीभोवती चादर आवळून बांधली. मान राहीना. शेवटी उदय मागे उभा राहिला आणि त्यानं म्हाताऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी धरलं. गोदूबाई कशीबशी आत मावली. बाकीचे जिन्यानं निघाले. लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंत चढत गेली. तुळशीरामची लाळ उदयच्या शर्टावर ओघळत राहिली.

वर खिडकीशी पलंग टाकलेला होता. ईश्वरनं बापाला निजवलं, पाठीशी उशा लावल्या. बाहेर तिवरांच्या पलीकडे खाडी तुडुंब भरली होती. तुळशीराम बराच वेळ बघत राहिला. मग त्याचे ओठ वाकडे हलले.

"भरती."

"बोलला!" ईश्वर म्हणाला. "आये, बाबा बोलला!"

गोदूबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग समई पेटवली आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

संचिता दाराशी उभी होती. धाप अजून कमी झाली नव्हती. हळूच तिनं उदयला विचारलं, "ड्रॉइंगमध्ये लिफ्ट एवढीच होती?"

"मोठी होती. स्ट्रेचर जाईल एवढी. मग खाली एक दुकान वाढलं." तो हातावरची साखर बघत होता. "मी म्हटलं, खिडक्या सोडणार नाही. बिल्डर म्हणाला, मग लिफ्ट सोडा."

"हे लिहू?"

"लिही."

निघताना गोदूबाई त्यांना सोडायला पॅसेजमध्ये आली. मागे दार ओढून घेतलं. उदय गावातलाच, तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला.

"खिडकी बेस हाय रं," ती म्हणाली. "आता निस्ता बघत राहील."

"हो, काकी."

"आज बसवून आणला त्याला." तिनं आवाज आणखी खाली आणला. "न्यायच्या दिवशी कसा बसंल?"

उदयला आधी कळलं नाही. मग कळलं.

"जिन्यानं नेऊ, काकी. मी येईन."

"तू येशील. पन आडवा वळंल का तो जिन्यात?"

जिनाही त्यानंच काढला होता. त्यानं आठवून पाहिलं. कागदावरच्या रेघा आठवल्या, त्यांच्यामधली जागा काही आठवेना.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

गोदूबाई आत गेली. संचितानं लिफ्टचं बटण दाबलं. "सर, खाली बसून शेवटचे प्रश्न घेऊ या का?"

"तू हो पुढे."

लिफ्ट तिला घेऊन गेली. उदय जिना उतरू लागला. पहिल्या वळणावर तो थांबला. बॅग पायरीवर ठेवली. दोन्ही हात पुढे धरले, जणू खांद्यावर तिरडीचा दांडा आहे, आणि हळूहळू वळला. कोपर भिंतीला घासलं. मागे येऊन तो पुन्हा वळला, या वेळी आणखी सावकाश.

मग बॅग उचलून तो खालच्या वळणाशी गेला. सगळी वळणं एकाच मापाची होती, हे त्याला ठाऊक होतं. तरी प्रत्येक वळणावर तो थांबत गेला.