चार वाजून दहा मिनिटं

"वाळूकडे तोंड असलेली खोली द्या. रस्त्याकडची नको," ती फोनवर म्हणाली. "आणि खालच्या मजल्यावर. बाबांना पायऱ्या दिसत नाहीत नीट."

समोर बाबा चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून कपात पडलं. उरलेला तुकडा त्यांनी तसाच तोंडात टाकला, त्यांना काही कळलं नाही.

"खोलीतून घड्याळाचा मनोरा दिसेल का हो?"

"घड्याळाचा मनोरा?" हॉटेलवाला म्हणाला. "आमच्या गावात असलं काही नाहीये, मॅडम."

"आहे. मी बघितलाय."

"अहो, माझा जन्म इथला."

"मग जरा गावातून फिरत जा! खोली पक्की करा." तिनं फोन आपटला.

"पाडला असेल," बाबा कपात बघत म्हणाले. "एकतीस वर्षं झाली."

"गाढव आहे तो. लहान असेल तेव्हा."

"असेल."

ती शाळेची व्हॅन चालवायची. परीक्षा संपल्या की व्हॅन आठ दिवस दारात उभी. दरवर्षी ती म्हणायची, या खेपेला जायचंच, आणि दरवर्षी बाबांचं काहीतरी निघायचं. कधी पाठ, कधी एखादा अर्धा राहिलेला बोर्ड. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांचे बोर्ड रंगवले होते. आता पांढरं कुठलं आणि पिवळं कुठलं, तेही सांगता येत नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर परवा स्वच्छ बोलले होते, काय दाखवायचं ते याच वसंतात दाखवून घ्या.

म्हणून ती हट्टाला पेटली होती. ऊन तापायच्या आत तिथं वाळूत बारकी फुलं येतात म्हणे. बाबांनी ते गाव आणखी एकदा डोळ्यांनी बघायला हवं, आणि आपण त्यांच्या शेजारी उभं राहून बघायला हवं. बस.

कारण तिच्याकडे आईचं तेवढंच होतं. ते गाव. तिथं गेले तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि त्याच साली पुढं आई तापानं गेली. आईचा आवाज, आईचा हात, सगळं त्या एका दुपारचं. भिंतीवर एक फोटो होता, त्यात आई आणि कडेवर ती. उन्हानं मागचं सगळं उडून पिवळं पडलं होतं. पण तिला फोटो लागतच नव्हता. पायाखाली वाळू. लांबवर उंट, शहाण्यासारखा एका जागी उभा. मनोऱ्यावर चार वाजून दहा मिनिटं. वारा यायचा, आईचा पदर उडायचा. मग वारा जायचा. मग परत यायचा. तिथल्या हवेलासुद्धा बाबांच्या शर्टाचा वास होता, म्हणजे ते अगदी जवळ उभे असणार.

"आई काय म्हणत होती हो तेव्हा?"

"तुला पाठ आहे की."

"तुम्ही सांगा."

"हलू नकोस म्हणत होती. उंटाकडे बघ, हलू नकोस. तू एक मिनिट स्वस्थ बसायची नाहीस." बाबा हसले. "अजून तरी कुठं बसतेस?"

"आणि आभाळ?"

बाबांनी कप खाली ठेवला. "निळं. पण नुसतं निळं नाही. खाली वाळूला टेकतं ना, तिथं जरासा पिवळा. जरासाच. जास्त झाला की हिरवं दिसतं." त्यांचा हात हवेत आडवा फिरला. तेवढ्यापुरता म्हातारा कुठं गेला कळलं नाही.

मग हात मांडीवर पडला. "मी नाही आलो तर?"

"तर मी काय उंटाला बाबा म्हणू?"

"तसं नाही गं. जाऊन बघितलं की डोक्यातलं पुसतं. डोक्यातलं बरं असतं."

"बाबा, नाटकं नकोत. गोळ्या, काठी, टोपी, सगळं काढून ठेवलंय. बॅग तेवढी राहिलीय." तिनं शिडी ओढली. "माळ्यावर आहे ना ती चेनवाली?"

"वर नको चढूस."

"का?"

"धूळ आहे. नवीन घेऊ."

"चांगली धडधाकट बॅग आहे की."

"नको म्हटलं ना!"

बाबा कधी ओरडायचे नाहीत. पण तिला नको म्हटलं की तिचे पाय आधी उचलले जायचे. ती चढली.

माळ्यावर रंगाचे रिकामे डबे. एक मोडकी खुर्ची. तिच्यामागं एक जुना टेबलफॅन, लोखंडी, जड. ढकलला तर त्याची मान कटकट करत डावीकडे गेली, आणि परत उजवीकडे आली. ती जरा थांबली. मग मान पुन्हा फिरवून बघितली.

फॅनमागं भिंतीला लागून चादरीत गुंडाळलेला कापडाचा रोल होता, तिच्याहून उंच. गाठ सोडली तशी तिच्या पायांवर काहीतरी सांडलं. तिनं चिमटीत घेतलं. वाळू.

तिनं कापड हातभर उलगडलं. मग आणखी हातभर. बाबांच्या शर्टाचा वास आला, रंगाचा आणि टर्पेंटाइनचा.

खाली शिडी हलली. बाबा दोन्ही हातांनी ती धरून उभे होते, चेहरा वर, नजर भलतीकडेच.

"सापडली का गं बॅग?"

तिनं कापड आणखी उलगडलं: रंगवलेलं निळं आभाळ, खाली जरासं पिवळं, आणि एका जागी उभा उंट. आता ही काय फेकून मारते म्हणून बाबांनी खांदे आवळून घेतले.

"बाबा," ती हळू म्हणाली, "मनोरा पाडलेला नाही. इथंच आहे. चार वाजून दहा मिनिटं झालीत."