ओटीतलं ओझं

सलग पाचव्या दुकानातही कुमुदआत्याला तेच ऐकावं लागलं, "हेडसेट संपलेत, पुढच्या आठवड्यात बघा." पण भाचीचं डोहाळजेवण आजच होतं. वैतागून ती तशीच, उघड्या डोळ्यांनी, हॉलवर गेली.

तिथे चाळीस बायका डोळे-कान झाकणारे हेडसेट लावून गप्पा मारत होत्या. हेडसेट नसलेलं माणूस त्यांना दिसत नाही की ऐकू येत नाही, हे आत्याला ठाऊक होतं; पण घरच्यांना घरचं माणूस कळेलच, असं ती धरून चालली होती.

"ऋजुता, मी आलेय गं," ती भाचीच्या अगदी समोर बसून म्हणाली.

ऋजुता तिच्याचकडे तोंड करून म्हणाली, "आई, आत्या अजून कशी आली नाही?"

आपण आलोय की नाही, हे आत्यालाच कळेना. शेवटी तिनं पिशवीतून खण-नारळ काढला, ऋजुताचा पदर सारखा केला आणि ओटी भरली.

ऋजुता दचकली. "आई, हेडसेट बिघडलाय वाटतं. समोर कुणी नाही आणि मांडीवर ओझं लागतंय. काढून बघू का?"

"नको," आई म्हणाली. "तेवढ्यात आत्या आली तर दिसायची नाही."