चौथी नळी

"कुणी विश्वास ठेवणार नाही, डॉक्टरीणबाई, पण आमच्या नानांना दुखणं ठाऊकच नाही," न्सिया म्हणाला. "जन्मले तेव्हा एकदा रडले, तेही दाईला बरं वाटावं म्हणून."

दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवे पडलेले नाना ओदुरो गप्प होते. गावच्या राजानं परक्याशी थेट बोलायचं नसतं. त्यांच्या वतीनं बोलायला न्सिया होता, सोनेरी मुठीची काठी घेऊन, गेली तीस वर्षं. राजा पुटपुटायचा आणि न्सिया ते शब्द न्हाऊमाखू घालून बाहेर पाठवायचा. आत्ता नाना पुटपुटले होते ते एवढंच, "मेलो."

डॉ. अफ्रिये विचारात पडल्या. "नानांच्या या वरच्या दाताच्या मुळातल्या तीन नळ्या साफ करून भरल्या. साध्या एक्स-रेत सगळं ठीक दिसतंय. तरी हिरडी सुजलीय. न्सियामामा, गरम खाल्लं की नानांना कळ येते का? येत असेल तर एखादी जिवंत नळी आत लपलीय, ती शोधता येईल. येत नसेल तर मूळ तडकलंय. दात काढावा लागेल."

भिंतीपाशी बसलेल्या दान्सोनं मान वर केली. राजघराण्यातलाच हा म्हातारा. आपल्या भाच्याला राजाच्या आसनावर बसवायची त्याला भारी घाई.

"काढा की! राजाच्या अंगात उणं आलं, दात जरी गेला, तर त्यानं आसन सोडायचं, ही रीतच आहे. आणि राजा कळ आली म्हणून कण्हतो, असं असेल तर तेही सांगा. पंचांच्या कानावर घालायला बरं."

न्सियानं काठी घट्ट धरली. नाही म्हणावं तर दात जातो, हो म्हणावं तर अब्रू. घाबरला की तो जिभेनं टाळू दाबून धरी. आत्ताही तसाच उभा राहिला. नानांची बोटं खुर्चीच्या हातात रुतली होती.

"काय म्हणतात नाना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाना म्हणतात, खडकावर फुलपाखरू बसलं तर खडकाला काय कळणार!" न्सिया म्हणाला. "पण आलोच आहे तर माझंही सांगून टाकतो, बाई. माझा दात हो! वरचा, डावा, मागून दुसरा. गरम सूपचा घोट घेतला की मस्तकात सुरी जाते. चौदा रात्री डोळ्याला डोळा नाही. परवा तर उशी चावून फाडली!"

"तुझ्या दाताचं पुराण कुणी विचारलंय इथं?" दान्सो खेकसला.

डॉक्टर क्षणभर न्सियाकडे बघत राहिल्या. मग नानांना शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथलं यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि दात आतून, सगळ्या बाजूंनी दाखवतं. दार बंद झालं. न्सियाला आत जायची मुभा नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदा नाना त्याच्यावाचून होते, आणि तो नानांवाचून. यंत्र घरघरलं. थांबलं.

डॉक्टर नानांना घेऊन बाहेर आल्या आणि पडद्यावर दाताचा आडवा काप उमटला. भरलेल्या नळ्यांचे तीन पांढरे ठिपके. आणि त्यातल्या एकाला चिकटून, सुईच्या टोकाएवढा काळा.

"ही चौथी," डॉक्टर म्हणाल्या. "साध्या एक्स-रेत शेजारणीच्या सावलीत दडली होती. साफ करून भरते. दात राहतो."

दान्सो दार आपटून निघून गेला. नाना दुखऱ्या गालावर हात ठेवून हसले. न्सियानं काठी सावरली आणि तोही हळूच दाराकडे सरकला.

"कुठं निघालात, न्सियामामा? आता तुमचा दात. बसा, तोंड उघडा."

"माझा? तो आत्ताच दुखायचा थांबला, बाई! कुणी विश्वास ठेवणार नाही, पण—"

"कसा ठेवणार? तुमची वरची अख्खी कवळी मीच बसवलीय ना!"